सहाव्या जागेवरचा मणी

नंदुरबारला नर्सिंगच्या पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्री मी निव्वळ पाठ करून काढली. मी प्रकाशा गावाजवळच्या शेतकरी घरातली, पाठांतर पक्कं. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन आलं की सिकलसेल होतो, हे मी झोपेतही सांगितलं असतं.

माझ्या खोलीतली मैत्रीण सातपुड्यातल्या पाड्यावरची. घरी पावरी बोली, शाळेत मराठी, आणि इथे पुस्तक इंग्रजीत. पहिल्या चाचणीत ती नापास झाली. बायोकेमिस्ट्रीच्या मॅडम रागावल्या नाहीत. "पाठ नको करू. काय समजनं, ते सांग," एवढंच अहिराणीत म्हणाल्या. मग ती रोज त्यांच्याजवळ बसू लागली. ऑक्सिजन सुटल्यावरच पेशी का वाकते? पाणी कमी पडलं की का दुखतं? मला ते प्रश्न बाळबोध वाटायचे.

दिवाळीनंतर आम्हाला वॉर्डात ड्यूटी लागली आणि तिचाच धाकटा भाऊ भरती झाला. सिकलसेलच. गुडघे धरून कण्हत होता. आई कॉटच्या पायथ्याशी बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी अर्थ विचारला.

"हा पोटात असताना माझं काय चुकलं, असं विचारतेय," मैत्रीण म्हणाली.

तिने आईच्या गळ्यातली माळ हातात घेतली. एकेक मणी सरकवत सहाव्यावर बोट ठेवलं आणि पावरीत बोलत राहिली. काय सांगितलं ते मला नंतर कळलं: इथे एक मणी दुसराच बसलाय, म्हणून रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अडकतात. अर्धं तुझ्याकडून आलं, अर्धं बाबांकडून. तुम्हालाही ते वरूनच आलं. यात कुणाचीच चूक नाही.

आईने तो मणी बोटांत धरून पाहिला. मग तिने विचारलं, "आता काय करायचं?" भरपूर पाणी, ऊब, रोजची गोळी, घरातल्या सगळ्यांची तपासणी, हे मुलीने सांगितलं. आईने उठून पोराच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला.

तोच धडा मलाही येत होता. पण त्या बाईसमोर मला एकही वाक्य सुचलं नसतं.

चौथ्या दिवशी भाऊ घरी गेला. अजूनही त्याला अधूनमधून दुखतं, पण गोळ्या चुकवत नाही. मैत्रीण आता डोंगरातल्याच आरोग्य केंद्रात आहे. लग्न ठरवण्याआधी मुलं-मुली तिच्याकडे रक्त तपासून घ्यायला येतात. एखाद्या रुग्णाला काही समजावताना मी अडखळले, की अजूनही तिलाच फोन करते.