मेपलवरची साडी

आमच्या देवपूरच्या घरासमोर कडुनिंब होता, तोवर मला एकटं असं वाटलं नाही. नवरा गेला, मुलगा कॅनडाला गेला, तरी दाराशी कोणी ना कोणी असायचं. कोणी सावलीला स्कूटर उभी करून फोनवर बोलायचं. भाजीवाली हातगाडी लावून बसायची, पाणी मागायची, मग तासभर गप्पा. रस्ता काँक्रीटचा झाला आणि त्यात कडुनिंब तोडला. आता सगळे सरळ निघून जातात. आमच्याकडच्या उन्हात थांबणार तरी कोण? घर खायला उठतं म्हणतात, ते मला तेव्हा कळलं.

मुलाला फोनवर म्हटलं, दाराशी झाड हवं. तो म्हणाला, "आई, मेपल लाव. आमच्या अंगणात आहे, काय सावली पडते."

मी म्हटलं, "अरे, तुझ्याकडे बर्फ पडतो. इथं वैशाखात कावळासुद्धा आडोसा शोधतो."

पण ऐकेल तर तो माझा मुलगा कसला. कुठल्याशा नर्सरीतून त्यानं रोप मागवून दिलं. हातभर उंच, पंजासारखी पानं. खोटं कशाला बोलू, माझा जीव जडला. त्याच्या अंगणातलं झाड माझ्या दारात आलं होतं.

फाल्गुनातच पानांच्या कडा करपल्या. मग रस्त्याच्या कडेला चार बांबू रोवले आणि माझी जुनी सुती साडी दुहेरी करून वर ताणून बांधली. झाडानं माणसाला सावली द्यायची, तर इथं उलटी गंगा. गल्लीतले कुरकुरले, वाटेत बांबू कशाला म्हणून. झाडासाठी आहेत म्हटल्यावर गप्प बसले.

एका दुपारी भाजीवालीनं हातगाडी नेमकी त्या साडीखाली लावली आणि रोपाशेजारी बसकण मारली.

"हाई कसानं झाड शे वं अक्का?"

मेपलचं आहे म्हणून सांगितलं, पाणी दिलं. कितीतरी दिवसांनी मी कोणाशी समोरासमोर एवढं बोलले. दुसऱ्या दिवशीही ती आली. मग रोजच येऊ लागली.

रोप मात्र वैशाखात गेलं. मुलगा म्हणतो, "मेपल पानं टाकतं आई, झोपतं ते. उठेल."

भर वैशाखात कोण झोपतं? मी नखानं साल खरवडून पाहिली, आत हिरवं काही नव्हतं. गेलेलं मला ओळखता येतं. पण झाड गेलं म्हटलं की बांबू काढावे लागतील, साडी उतरवावी लागेल. मला त्याचीच भीती वाटते. म्हणून मी रोज त्या काडीला तांब्याभर पाणी घालते.

परवा पाणी घालत होते, तेवढ्यात भाजीवाली आली. वाकून तिनं काडी बोटांनी दाबून पाहिली. शेतकऱ्याची लेक ती, तिला काय कळायचं राहिलंय. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातला तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी बुडाशी ओतलं.

"जगी जाई वं अक्का," ती म्हणाली, आणि हातगाडी साडीखाली घेतली.