पहिलीतले सोनबातात्या

"आमचा म्हातारा पहिलीच्या वर्गात बसतोय ओ ताई, त्याला कुणीतरी बाहीर काढा," असं म्हणत भामाबाई आमच्या केंद्रात आल्या, तेव्हा मला आधी हसू फुटलं आणि मग हसल्याची लाज वाटली.

केंद्र म्हणजे लासुर्ण्यात एका शिलाईच्या दुकानामागची खोली. अपघात, आग, मारहाण, असं काही एखाद्याच्या वाट्याला आलं की माणूस वरून धड दिसतो आणि आतून खचतो. अशांना पुन्हा उभं करणं हे आमच्या संस्थेचं काम. बारामतीहून दर गुरुवारी समुपदेशक मॅडम येतात. बाकीचे दिवस मी, मेहजबीन, स्कूटीवर वाड्या-वस्त्या पालथ्या घालते. सुरुवातीला दारावर 'मनःस्वास्थ्य केंद्र' अशी पाटी होती, तेव्हा कुणी उंबऱ्याला शिवेना. मी पाटी उतरवली, तशा ब्लाऊज शिवायला आलेल्या बायका मागच्या खोलीत डोकावू लागल्या. मॅडमना ते रुचलं नाही. मी म्हटलं, "पाटी तुम्ही ठेवा, माणसं मी आणते." माझं तोंड असंच आहे. वडिलांचं भांड्यांचं दुकान, आवाज चढवल्याशिवाय आमच्या घरात कुणाला काही ऐकूच जात नाही.

भामाबाईंचं म्हणणं खरं निघालं. मी शाळेत गेले तर वर्गाच्या शेवटच्या रांगेत, पोरांच्या सतरंजीवर, सहा फुटी म्हातारा मांडी घालून बसलेला, तेच सोनबातात्या. डोक्याला पांढरा पटका, मांडीवर घोंगडी, बाजूला काठी. पुढच्या रांगेत त्यांची नात छकुली. तिच्या दोन वेण्यांवरून यांची नजर हलत नव्हती.

"काय करू सांगा," यशराज सर म्हणाले. सर तरुण, नवीन नोकरी. "पहिल्या आठवड्यात विनंती केली. दुसऱ्या आठवड्यात रागावलो. तिसऱ्या आठवड्यापासून हजेरीत त्यांचंही नाव घेतो. 'हजर' म्हणतात. 'ळ'पर्यंत वाचायला लागलेत."

मला तात्या तिथंच आवडले. पण मधल्या सुट्टीत जे पाहिलं ते नाही आवडलं. सगळी पोरं मैदानात उधळली आणि छकुली आबांच्या शेजारी येऊन बसून राहिली. मी विचारलं, "खेळायला नाही जात?" ती हळूच म्हणाली, "मी पळाले की आबाला घाम येतो." सहा वर्षांची पोर म्हाताऱ्याला सांभाळत होती.

कारण गावाला ठाऊक होतं. तात्यांची उभी हयात मेंढरांमागं गेली. पुढं कळप विकून ऊस लावला, दारात नावाला एक शेळी ठेवली. मुलगा शंभूराज बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला. पहाटपाळीला तो मोटरसायकलवर निघायचा आणि तात्या वस्तीजवळच्या कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन, गाडी वळणापलीकडे जाईस्तोवर उभे राहायचे. दोन वर्षांपूर्वी थंडीत धुकं दाटलेलं. तेवढ्यात शेळीनं दावं तोडलं आणि ती उसात शिरली, म्हणून तात्यांनी पाठ फिरवली. परत वळून पाहिलं तर कालव्याकडेच्या रस्त्यावर ना गाडीचा दिवा, ना आवाज. कालवा भरून चालला होता. शंभूराज गाडीसकट त्यात गेला होता.

"म्या नजर काढली, लेकी," तात्या मला म्हणाले. एवढंच.

तेव्हापासून नजर नातीवर. सून त्याच दुधाच्या कारखान्यात नोकरी धरून पहाटे बाहेर पडायची आणि छकुली तात्यांच्या ताब्यात. झोपताना तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरायचे, तरी डोळ्याला डोळा लागत नसे. शाळा पुलाच्या पलीकडे, म्हणून तेही पहिलीत.

मी पहिली चूक केली ती घाईची. आठवडाभरात सोक्षमोक्ष लावायचा म्हणून सरांना सांगितलं, तात्यांना फाटकाबाहेर ठेवा आणि फाटक लावून घ्या. दुपारी सरांचा फोन आला. तात्या फाटकाचे गज धरून सकाळपासून उन्हात उभे होते. पाणीसुद्धा प्याले नव्हते. आणि आतून तेच गज धरून छकुली उभी होती. मी स्कूटी कशी हाकली ते माझं मला ठाऊक. फाटक उघडून मी तात्यांचे पाय धरले. मी, जी भावाचीसुद्धा कधी माफी मागत नाही!

"उठ गं," ते म्हणाले. "तुझं काय चुकलं? येळ दिली न्हाईस, एवढंच."

मॅडमनी मला गुरुवारी चांगलंच झापलं. मग ठरलं, तात्यांना मागं सरकवायचं, पण त्यांच्याच पायानं. सतरंजीवरून वर्गाच्या दारात यायला अकरा दिवस लागले. दारातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून पाण्याच्या टाकीपाशी. दिवाळीनंतर ते फाटकाबाहेर बसू लागले. दर टप्प्याला छातीत धडधड व्हायची. मी शेजारी बसून ती कमी होईपर्यंत काहीबाही बडबडायचे. "तुझ्या बडबडीपुढं धडधड काय टिकतीया," असं तात्या म्हणायचे. वर्गाबाहेर आल्यावर मात्र हजेरीतून नाव कमी झालं म्हणून आठवडाभर सरांवर रुसले.

पुलाच्या अलीकडे थांबायलाही ते तयार झाले. वस्तीवरची सात-आठ पोरं मिळून जायची, पुलाला छातीएवढे कठडे, काळजीचं खरं म्हणजे काही नव्हतं. छकुली पलीकडे दिसेनाशी होईस्तोवर ते पाहत राहायचे आणि ती दिसेनाशी झाली तरी पाहत राहायचे. शाळा सुटेपर्यंत तिथंच. पाठ फिरवून घरी जा म्हटलं की हातपाय गार.

एकदा वैतागून मी विचारलं, "तात्या, दोनशे मेंढरं राखायचा. सगळ्यांवर नजर ठेवायचा व्हय?"

"खुळी हायस का? नजर कुठं पुरती? कानानं राखायची असत्यात मेंढरं. पुढच्याच्या गळ्यात घंटी. मी सैपाक करत बसायचो माळाला पाठ करून."

"आणि घंटी ऐकू यायची बंद झाली की मेंढरू मेलं म्हणायचा?"

"न्हाय गं. लांब गेलं म्हणायचं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आढ्याला टांगलेली पितळी घंटी उतरवली आणि छकुलीच्या दप्तराला बांधली. ती पुलावर चढली की हे पाठ करून उभे राहायचे, डोळे मिटून ऐकायचे. किणकिण बारीक होत जायची, मग थांबायची. "लांब गेली," असं स्वतःशीच म्हणायचे. तरी पाय निघत नसे. तास, दीड तास तिथंच.

आणि मग फेब्रुवारीतला तो सोमवार. मी पुलापाशी होते. पोरं आली, छकुली आली, "आबा, येते," म्हणाली. तात्यांनी पाठ केली. मी तिच्याकडे पाहत होते, म्हणून माझ्या लक्षात आलं, दप्तराला घंटी नाही. वर्गातली पोरं तिला मेंढरू म्हणून चिडवत होती, हे मला नंतर कळलं. काही न वाजता ती पुलावरून गेली. गेली कसली, पळाली! पोरांच्या पुढं, वेण्या उडवत. मी तिला पळताना पहिल्यांदाच पाहत होते.

इकडे तात्यांच्या कपाळावर घाम.

"लेकी, घंटी वाजंना."

"व्हय."

"तू बघतियास न्हवं तिच्याकडं?"

ओठावर आलं होतं, बघतेय हो, मजेत चाललीय. पण एवढं म्हटलं की माझे डोळे उद्यापासून त्यांचे होणार, आणि मग मी रोज इथं हवी. आयुष्यात पहिल्यांदा मी जीभ आवरली. वळले आणि त्यांच्या शेजारी, पुलाकडे पाठ करून उभी राहिले.

"न्हाय तात्या. मीबी पाठ केली."

खोटं कशाला बोलू? मागून कालव्याच्या पाण्याचा आवाज येत होता आणि माझीही मान आपोआप वळायला बघत होती. तात्या जोरजोरात श्वास घेत होते. त्यांनी माझं मनगट पकडलं, ते दोन दिवस दुखत होतं. कितीतरी वेळ आम्ही दोघं तसेच उभे.

तेवढ्यात समोरून, वस्तीच्या बाजूनं, घंटी वाजली.

तात्यांनी कान दिला. "आरं तिच्या! शेळीच्या गळ्यात बांधली कार्टीनं." तोंड वेडंवाकडं झालं, हसतायत की रडतायत कळेना. मग मनगट सोडलं, पटका सारखा केला. "लांब गेली," ते म्हणाले आणि घराकडे चालू लागले. वळून पाहिलं नाही. मी मात्र दोनदा पाहिलं.

संध्याकाळी मला राहवेना, पुन्हा वस्तीवर गेले. पोरं पुलावरून परतत होती, छकुली सगळ्यांच्या पुढं पळत होती. पुलाच्या अलीकडे तिला घ्यायला कुणी उभं नव्हतं. तिनं क्षणभर इकडंतिकडं पाहिलं, मग माझा हात धरून मला घरी ओढत नेलं.

अंगणात बाजेवर तात्या झोपले होते. तोंड उघडं, हात पसरलेले, दोन्ही मुठी मोकळ्या. भामाबाई दारात बसून पदरानं डोळे पुसत होत्या. "सकाळधरनं हाय आसाच," त्या कुजबुजल्या. "जेवायला बी उठला न्हाय."

शेळीनं मान झटकली आणि घंटी वाजली. छकुली चवड्यांवर शेळीपाशी गेली, घंटीच्या आतला लोलक चिमटीत धरला आणि आबा उठेपर्यंत तशीच बसून राहिली.