आप्पा आत आले की...

“आप्पा भाईर गेले की मशीन गप बसायलीय. तुमी ध्यान दिलं का?”

रशीदचाचा हे काकाला अगदी हळू म्हणाले. प्लायवूडच्या पार्टिशनच्या अलीकडे मी बिलं टाइप करत बसले होते, हे त्यांच्या लक्षात नसावं. मी कमी बोलते, त्यामुळे मी तिथे आहे हे लोक विसरतात.

“काय बी बोलतो रशीद,” काका म्हणाला. पण नेहमीसारखा हसला नाही.

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचत आले आहे, लिहितेय पहिल्यांदाच. आणि खरं सांगायचं तर वाचतानाही मी मनात कारणं शोधत असायचे — उंदीर असेल, वायरिंग असेल, ताप चढला असेल... भूत, बाधा, नजर यातलं काहीही मला पटत नाही. आजही नाही. म्हणून तर माझ्या डोळ्यांसमोर जे घडलं ते कशात बसवायचं, हे मला कळत नाही.

मानवतला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं सुतारकामाचं दुकान आहे. पत्र्याचं शेड, मागे लाकडांचा ढीग, पुढे लिंबाचं झाड आणि त्याखाली एक बाकडं. दुकान माझ्या वडिलांचं, म्हणजे आप्पांचं. त्यांचा धाकटा भाऊ — माझा काका — आणि रशीदचाचा त्यांच्यासोबत काम करतात. मी परभणीला इंग्रजी शाळेत शिकले, तिथेच डिग्री केली, आणि नोकरीचं काही होईपर्यंत दुकानाची बिलं बघते.

ही गोष्ट रंधा मशीनची आहे. आत ब्लॉकला पाती बसवलेली असतात, तो ब्लॉक जोरात फिरतो, आणि वरून लाकूड सरकवलं की ते गुळगुळीत होऊन पुढे निघतं. ही मशीन आप्पांनी माझ्या जन्माच्या आधी आणली. तिच्या खालचा सिमेंटचा ओटा त्यांनी स्वतः ओतला. रोज सकाळी चपला दारात काढून ते आत येणार, मशीनवर हात ठेवून तो कपाळाला लावणार, मगच स्विच. मला आठवतंय तेव्हापासून हे असंच.

मागच्या दिवाळीनंतर ती मशीन थरथरायला लागली. “वायब्रेशन मारायलीय,” चाचा म्हणाले. लाकडावर बारीक लाटा उमटायच्या, डोळ्यांना दिसल्या नाहीत तरी बोटाला लागायच्या. अशा लाटांची चौकट कुणी घरात बसवत नाही.

आप्पांनी एकेक करून सगळं तपासलं. ओट्याचे बोल्ट आवळले. पट्टा बदलला. पुली सरळ रेषेत आहे का, ते दोरी लावून पाहिलं. मग पाती काढली. दोन्ही पाती सारख्याच वजनाची लागतात, एक जरी जड असलं तरी ब्लॉक फिरताना हिसके देतो. म्हणून ती रुमालात गुंडाळून आप्पा बाजारात सोनाराकडे घेऊन गेले. त्याच्याकडचा काटा सगळ्यात बारीक.

“सुताराच्या घरात सोनं कव्हापासून यायलंय, आप्पा?” सोनार म्हणाला.

“आमचं हेच सोनं. नीट मोज.”

पात्यांमध्ये फरक नव्हता. मशीनची थरथर तशीच. काका स्टीलचा ग्लास काठोकाठ भरून मशीनच्या टेबलावर ठेवायचा आणि पाण्याकडे बघायचा. पाण्यात गोल गोल रेषा उठत राहायच्या.

शेवटी परभणीहून मिस्त्री बोलावला. त्याने बेरिंग बदलली आणि मशीन सुरू केली, तेव्हा आप्पा त्याच्यासाठी भजी आणायला चौकात गेले होते. ग्लासातलं पाणी स्थिर. मिस्त्रीला गाडी गाठायची होती, तो भज्यांसाठी न थांबता खुशीत निघून गेला. आप्पा पुडा घेऊन परत आले, त्यांनी स्वतः एक फळी घेतली... आणि पुन्हा लाटा.

“माझ्यापुढं तर लोण्यावानी चालत होती हो,” मिस्त्री फोनवर म्हणाला.

चाचा सुरुवातीचं ते वाक्य काकाला बोलले ते यानंतर.

मी ठरवलं, हे नीट तपासायचं. फोनमध्ये व्हायब्रेशन मोजायचं एक ॲप घेतलं. मशीन रिकामी सुरू असताना फोन टेबलावर ठेवला की पडद्यावर एक बारीक, सरळ रेघ. आप्पा जवळ आले की तीच रेघ जाड, दाटीवाटीची. त्यांचा हात लागायचीही गरज नव्हती. काकाचं वजन जवळजवळ आप्पांइतकंच, तो त्याच जागी उभा राहिला. काही नाही. एकदा आप्पा जेवायला घरी गेलेले असताना चाचा त्यांची टोपी घालून मशीनपुढे जाऊन उभे राहिले.

“चाचा, टोपीनं मशीन फसत नसती,” काका म्हणाला.

“बघू तर द्या. कुणाला म्हाईत, टोपीलाच भीत असंल.”

आम्ही तिघंही हसलो. ते शेवटचं हसणं.

कारण पुढच्याच दुपारी मी एकटी फोनवर वाकून उभी होते. आप्पा मागे लाकडांच्या ढिगाकडे होते, मला दिसत नव्हते. रेघ सरळ होती. मग ती हळूहळू जाड व्हायला लागली. मी मान वर केली नाही, मुद्दाम. रेघ वाढत गेली, आणि मग मागच्या दारात चपला काढल्याचा आवाज आला.

“काय बघायलीस माय, त्या मोबाइलात?”

“काही नाही आप्पा.”

बाकीच्या मशीनचं असं काही नव्हतं. करवत, ड्रिल, सगळं त्यांच्या हातात गुपचूप चालायचं. मला वाटलं, त्यांच्याच शरीरात काही सुरू झालं असेल. बीपी तपासायचं म्हणून आई त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांना काही सापडलं नाही. त्यांचे हात माझ्या हातांपेक्षा स्थिर आहेत, अजूनही आईला सुईत दोरा तेच ओवून देतात. शेवटी आईने मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि शेडच्या दारात अडखळली. “नजर कुणाची काढू? मशीनची का ह्यांची?”  तिने दोघांचीही काढली, आप्पांची घरी, ते झोपल्यावर. फरक पडला नाही.

आप्पांना हे सांगणार कोण? काकाने त्यांच्यापुढे आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. चाचा म्हणायचे, “मी इथंच शिकलो, माझ्या तोंडातून न्हाई निघायचं.” म्हणून सगळ्यांनी न ठरवता एक वेगळीच गोष्ट सुरू केली. आप्पांना बाहेर पाठवायचं.

“भाऊ, बँकेत तेवढं पासबुक भरून आणता का?” “आप्पा, स्क्रू संपायलेत.” “भाऊ, तो सागवान तुमीच बघून या, मला पारख न्हाई.” ते रस्त्याला लागले की काका धावत स्विच दाबायचा आणि आठवड्याचं रंधकाम एका दमात व्हायचं. मी दारात बसून रस्त्याकडे लक्ष ठेवायचे. स्वतःच्या दुकानात आम्ही चोरासारखे काम करत होतो.

एकदा काम फार साठलं, तर काकाने त्यांना चुडाव्याला आत्याकडे पाठवलं. “ती लय आठवण काढायलीय,” असं सांगून. आप्पा सकाळच्या गाडीने गेले. उशिरा येतील असं धरून आम्ही निवांत होतो. ते दुपारीच परतले. मला दिसले तेव्हा रस्त्याच्या पलीकडे उभे होते, पिशवी हातात, मान किंचित तिरकी. ऐकत होते. नुसत्या आवाजावरून त्यांना मशीनचं बरं-वाईट कळतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मी काकाला काही सांगायच्या आत ते दारात आले. ग्लासातलं पाणी हललं. त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, मग काकाकडे, मग माझ्याकडे. एक पाऊल मागे घेतलं. पाणी थांबलं. पाऊल पुन्हा आत टाकलं. पाणी परत हललं.

स्विच त्यांनीच बंद केला.

“आत्या इचारायली होती, कामून आलास म्हणून,” एवढंच म्हणाले. पिशवीतून आत्याने दिलेल्या शेंगा काढून माझ्या टेबलावर ठेवल्या.

तेव्हापासून आप्पा मशीनजवळ गेले नाहीत. मशीन आजही तीच आहे, उत्तम चालते. मी खूप वाचलं, इंजिनिअर झालेल्या मैत्रिणीला ॲपचे स्क्रीनशॉट पाठवले. ती म्हणाली, जमिनीतून येत असेल, ओट्याला तडा असेल. ओट्याला तडा नाही. आणि माणूस बघून थरथरणारी जमीन मी कुठे वाचलेली नाही. कुणाकडे याचं साधं, विज्ञानातलं कारण असेल तर प्लीज सांगा, मला तेच हवं आहे. माझ्याकडे नाही. पण त्या पुढच्या आठवड्यातलं एक सांगायचं राहिलं, आणि खरं तर तेवढ्यासाठीच हे लिहायला बसले.

गल्लीतले एक गुरुजी, आप्पांचे जुने मित्र, घर बांधत होते. मुख्य दरवाज्याची चौकट बसवायची होती, दुसऱ्या दिवशी सकाळचा मुहूर्त. आमच्याकडे चौकटीची पूजा होते, घरधनी सुताराला टॉवेल-टोपी देतो, मग चौकट उभी राहते. मानवतमधल्या कितीतरी दारांसाठी हा मान आप्पांनी घेतला आहे. चौकटीची उभी लाकडं झाली होती. वरची आडवी गणेशपट्टी राहिली होती. सागवानाचा तो एकच तुकडा होता, लाटा उमटल्या असत्या तर दुसरा नव्हता. आणि गणेशपट्टी आजवर आप्पांशिवाय कुणीच रंधलेली नाही.

काकाने मशीन सुरू केली. चाचांनी पट्टी उचलली. ग्लासात पाणी गप्प होतं.

आप्पा लिंबाखालच्या बाकड्यावरून उठले आणि दारापर्यंत आले. चपला काढल्या नाहीत. उंबऱ्यापाशी थांबले. मशीनकडे त्यांनी हात केला, नमस्कारासाठी, आणि तो तसाच खाली घेतला.

“येऊ का आत?” त्यांनी विचारलं. त्यांच्याच दुकानात.

काका पट्ट्याकडे बघत राहिला. चाचांनी मान खाली घातली. दाराजवळ मीच बसले होते, आणि ते माझ्याकडे बघत होते. ग्लासाच्या काठाशी एक बारीकशी रेघ उठली होती. चार माणसांसमोर मी आप्पांशी कधी मोठ्याने बोललेले नाही. मशीनच्या आवाजातून ऐकू जावं म्हणून बोलावं लागलं.

“आप्पा, तुम्ही थोडा वेळ बाहेरच बसा.”