दोष वहिनींवर ढकलला तेव्हा

चांदे गावात मी ज्या घरी भाड्याने राहतो, त्या घरच्या सुनेचं पिरंगुटला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. मी त्यांना वहिनी म्हणतो. त्यांचा जुना कॉम्प्युटर सारखा अडकायचा, म्हणून मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं. "याला व्हायरस लागत नाही," असं रुबाबात सांगितलंही. हिंजवडीतल्या ऑफिसातून दुरुस्ती करता यावी म्हणून बाहेरून लॉगिन करायची सोय चालू ठेवली. पासवर्ड म्हणजे गावाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. नंतर बदलू म्हटलं आणि वर्ष गेलं. अपडेटही राहूनच गेले.

एका सोमवारी वहिनींचा फोन आला. मशीन तापलंय, पंखा घरघरतोय, काही उघडत नाही. संध्याकाळी जाऊन लॉगिनच्या नोंदी पाहिल्या. तीन आठवडे कुणीतरी परका माझ्याच पासवर्डने आत येत होता आणि स्वतःचं कुठलंसं काम या मशीनवर चालवत होता.

"दादा, माज्याकडनं काय चुकीचं दाबलं गेलं का?" वहिनींनी विचारलं.

दुकानात त्यांचे सासरे बसले होते. मी म्हणालो, "एखादी लिंक उघडली असेल तुम्ही."

"तरी म्हनलं हुतं, तुला झेपायचं न्हाई," सासरे वहिनींना म्हणाले.

मशीनमधलं सगळं पुसून मी लिनक्स नव्याने घातलं, बाहेरचं लॉगिन बंद केलं. पण वहिनी माउसला हात लावायला बिचकू लागल्या. साध्या फॉर्मलाही मला फोन, "हे दाबू का?" प्रत्येक फोनला मी ओशाळायचो आणि "हो, दाबा" म्हणायचो. शुक्रवारी मात्र राहवेना. सासऱ्यांसमोरच खरं काय ते सांगून टाकलं.

 वहिनी म्हणाल्या, "चार दिस मला बोलणी खाऊ दिली तुमी. आता गिऱ्हाइकांना तुमीच सांगा. मशीनमधी कागदं त्यांची हुती."

शनिवारी मी दुकानात बसलो आणि येईल त्याला सांगत गेलो. मेंढरं राखणारी, आधीही इथे फॉर्म भरलेली एक म्हातारी आधारची झेरॉक्स घेऊन आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी माजं कागद कुनी नेलं?"

"माहीत नाही, आजी. नेले असतीलही."

तिने झेरॉक्सची घडी घालून पदरात बांधली आणि फॉर्म न भरताच निघून गेली.