नखातला निळा रंग

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं पोटातलं सहसा काही लपत नाही. सहा वर्षं झाली. गोष्ट एका स्क्रूची आहे. हसू आलं ना? मीही स्वतःला कितीदा सांगितलं, एवढ्याशा स्क्रूचं काय घेऊन बसलास. पण बसलोय खरा.

बालाघाटला बसस्टँडच्या मागे धनराजकाकांचं छोटं गॅरेज होतं. माझ्या जुन्या गाडीला त्यांच्याशिवाय कोणाचा हात लागत नसे. त्यांची एक पद्धत होती. कसलेल्या प्रत्येक स्क्रूवर ते निळ्या ऑइलपेंटचा ठिपका द्यायचे. ठिपका शाबूत, म्हणजे काम काकांचं. फुटलेला, म्हणजे मागून कोणीतरी हात घातलाय. तो ठिपका बघून लोक जुन्या गाड्या घ्यायचे.

त्या आठवड्यात त्यांनी माझ्या गाडीचं इग्निशन स्विच बदललं. चावी देताना बजावलं, "चाबी अडली तं स्टेअरिंग थोडं हालवजा, सर. जोर नका लावू." मी मान डोलावली. शाळेत विज्ञान शिकवतो मी — मला हे कोणी सांगावं?

आणि रविवारी सकाळी, किरनापूरला मेव्हण्याच्या मुलीच्या साक्षगंधाला — साखरपुड्याला — निघताना, चावी अडली. बायका पेढ्यांचे डबे घेऊन ओसरीवर खोळंबलेल्या. साडू कडक इस्त्रीत फाटकाशी उभा, फोनवर सगळ्या किरनापूरला उशिराचं कारण ऐकवत. "माही गाडी आणाले पाह्यजे होती," हे त्याने तीनदा म्हटलं. तुम्ही काय केलं असतं? स्टेअरिंग हलवलं असतं. मी काय केलं? बायकोच्या शिलाई मशीनचा चपटा पेचकस आणला.

स्टेअरिंगखालचं कव्हर दोन क्लिपांवर आणि एका स्क्रूवर. क्लिपा निघाल्या. स्क्रू जाम. प्लसच्या खाचेत चपटा पेचकस घालून मी जोर लावला — घसरला. पुन्हा लावला — पुन्हा घसरला. तिथे थांबावं की नाही माणसाने? मी दात-ओठ खात पाच मिनिटं तेच करत राहिलो. खाच झिजून गुळगुळीत झाली, कव्हर एका बाजूने लोंबायला लागलं, आणि त्या स्क्रूवरचा निळा ठिपका माझ्या अंगठ्याच्या नखात भरला. मी हात घालेपर्यंत तो शाबूत होता. हे नीट ध्यानात ठेवा.

काकांना फोन केला. सुटीच्या दिवशी, घरातल्या चपलांवर, सायकल मारत आले बिचारे. स्टेअरिंग जरासं डावीकडे हलवलं, चावी फिरवली — गाडी सुरू. म्हणजे बिघडलं काहीच नव्हतं. माझे कान तापले. मग त्यांनी लोंबतं कव्हर पाहिलं, वाकले. साडूही वाकला.

"हे कोनं केलं?" साडूने विचारलं.

आणि मी — मी म्हणालो, "मागच्या आठवड्यात काकांनीच खोललं होतं."

एवढंच. खोटं तरी म्हणता येईल का याला? खोललं तर होतंच त्यांनी. अशी वकिली मी स्वतःशी सहा वर्षं केली आहे आणि तिचा मला वीट आलाय. ते खोटं होतं.

काका भांडतील असं वाटलं होतं. भांडायला हवं होतं त्यांनी. याचा मला अजून राग येतो — त्यांचा. बघा, इथेही त्यांचाच. त्यांनी चष्मा पुसला. वर्षापूर्वीच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. स्क्रूवर बोट फिरवून रंग शोधला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मी रंग लावाले विसरलो का जी? मले तं आठवूनच नाही राह्यलं."

ते मला विचारत होते. मी हात खिशात घातला.

सायकलच्या ट्यूबचा तुकडा मध्ये धरून त्यांनी पेचकस दाबला. स्क्रू हलला नाही. मग छिन्नी कडेला तिरपी लावून, हातोडीने हलके ठोके देत, अर्ध्या तासात काढला. प्लास्टिकवर ओरखडाही नाही. हातातलं कसब गेलेला माणूस असं काम करतो? नवा स्क्रू कसला, पिशवीतून रंगाची डबी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि तशीच परत ठेवली.

साडूने पंगतीत ही गोष्ट मीठमसाला लावून सांगितली. बालाघाट ते केवढं? लोक काकांना विचारू लागले, नीट दिसतं ना? पण लोकांचं सोडा. काका स्वतःच केलेलं काम पुन्हा उघडून बघू लागले, एकेक स्क्रू दोनदा, तीनदा. दिवाळीआधी गॅरेज बंद केलं. सांगायला घरी आले होते. "हातावर भरोसा नाही राह्यला, सर." तेव्हा तरी तोंड उघडायचं की नाही? मी विचारलं, चहात साखर किती.

गाडी अजून आहे. काका सकाळी फिरायला निघाले की आमच्या फाटकाशी थांबतात.

"चाबी अडत तं नाही ना, सर?"

"नाही."

"तरी एक बार दुसऱ्या मिस्त्रीले दाखवून घेजा. माह्या कामावर नका राहू."

मी हौ म्हणतो.