तवंदीच्या फाट्यावर

अण्णा कडोलकर हाक मारायचे आणि ओ आल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत. कोर्टातून घरी जाताना बरोबरचा वकील दोन पावलं मागे राहिला, तरी हे वळून त्याच्या नावानं हाक घालणार. लग्नाहून निघताना मांडवाच्या दारात उभं राहून बरोबरच्या एकेकाला पुकारणार. "दिसतोय की मी, अण्णा," असं कुणी वैतागून म्हटलं, तर उत्तर ठरलेलं, "दिसण्याचं मला सांगू नको रं. ओ दे." निम्म्या बेळगावाला ते विक्षिप्त वाटत. मलाही वाटत होते.

आमची गाठ पडली ती फटफटीमुळे. कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाची बदली झाली तेव्हा त्याची जुनी फटफटी मी विकत घेतली. शाळामास्तराला हे कसले थेर, म्हणून घरात माझ्याशी अबोला सुरू झाला. दुसऱ्याच दिवशी अण्णा दारात हजर. अंगात कोर्टाचा काळा कोट, खाली धोतर, टोपीवरून हनुवटीखाली बांधलेला मफलर आणि डोळ्यांना हा एवढा गॉगल. म्हणाले, "मास्तर, ह्या गाडीवरनं एकटं हिंडायचं न्हाय. आमच्यात या."

आमच्यात म्हणजे त्यांच्या मंडळात. आम्ही त्याला ऐटीत क्लब म्हणायचो. बेळगुंदीचा गुंडू त्यात होता. तो शेतावरून थेट यायचा, चाकांना चिखल आणि मागे बांधलेलं रताळ्याचं पोतं. बाकी आम्ही पाच-सहा हौशी. एरवी आमची धाव काकती नाहीतर सांबऱ्यापर्यंत. मोठी सफर वर्षातून एकच, निपाणीच्या उरसाची. शनिवारी अर्धी शाळा सुटली की निघायचं, दिवेलागणीला निपाणी, रविवारी परत.

माझ्या पहिल्या सफरीत तवंदीचा घाट उतरलो आणि खालच्या फाट्यावर, वडाखाली, अण्णांनी सगळ्यांना थांबवलं. गाड्या बंद करायला लावल्या. मग एकेकाच्या नावानं हाक. आम्ही ओ देत गेलो. सगळ्यांच्या ओ झाल्या. आता निघायचं म्हणून मी पाय उचलला, तर अण्णा घाटाकडे तोंड करून उभेच. तापलेली इंजिनं टिकटिकत निवत होती, निपाणीच्या बाजूनं ढोल ऐकू येत होता. मी काही विचारणार, तेवढ्यात गुंडूनं माझा हात दाबला. बऱ्याच वेळानं अण्णा वळले आणि म्हणाले, "चला."

निपाणीत उतरायचं ते चंपाक्कांकडे. त्यांच्या यजमानांची तंबाखूची वखार होती, घरभर तो उग्र वास. पुढच्या सोप्यात आमची पानं मांडलेली असत, आणि शेवटी एक पान जास्तीचं, ज्यावर कुणी बसत नसे. अण्णा आत येतच नसत. बाहेरच्या कट्ट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसायचे आणि उरसातून आणलेले चुरमुरे खायचे. आक्का दारात येऊन म्हणायच्या, "अण्णा, आत या की." गारठ्यानं दात वाजत असले तरी हे म्हणणार, "असू दे आक्का, हितं वारं बरं लागायलंय."

दुसऱ्या दिवशी गुंडूनं मला सगळं सांगितलं. क्लब मुळात अण्णांनी आणि वासूनं काढला. वासू हा आक्कांचा पाठचा भाऊ, अण्णांचा जिवाभावाचा दोस्त. तेव्हा रिवाज असा होता की फाट्यावर पुढच्यानं थांबायचं, मागच्याचा दिवा दिसला की हात दाखवून पुढं निघायचं. म्हणजे मागचा वाट चुकत नाही आणि कुणाचा वेळही जात नाही. एका वर्षी उरसाला जाताना वासू सर्वांत मागे होता आणि फाट्यावर अण्णा होते. अंधार पडत होता. घाटातून एक दिवा खाली येताना दिसला. अण्णांनी हात केला आणि गाडी हाणली.

"तो दिवा वासूचा नव्हताच मास्तर," गुंडू म्हणाला. "उतारूंची सर्व्हिस मोटार हुती. तिचा एक दिवा गेलेला. एकच दिवा दिसल्यावर फटफटीच वाटणार की आपल्याला. दुसऱ्या कुणालाबी तसंच वाटलं असतं बघा." आक्कांकडे सगळे जेवले. वासू उरसात शिरला असेल, येईल, म्हणत राहिले. तो सकाळी घाटाखाली सापडला. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर बराच वेळ जिवंत होता, संध्याकाळीच कुणी हुडकलं असतं तर वाचला असता.

हे ऐकल्यावर अण्णांच्या हाका मला वेगळ्याच ऐकू यायला लागल्या. सगळ्यांच्या ओ झाल्यावर ते कुणासाठी थांबतात ते कळलं, आणि त्या थांबण्याची मला भीतीच बसली. एकदा मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा आक्का म्हणाल्या, "ह्यो माणूस उंबरा वलांडत न्हाय मास्तर. आणि त्यो बाहेर बसलाय तवर माझा भाऊ बी बाहेरच हाय. माझ्या घरात यायलाच तयार न्हाय त्यो."

मग लढाई आली, पेट्रोलला कूपनं आली. जपून साठवलेल्या पेट्रोलवर एक शेवटची सफर करायची ठरली. आक्कांनाही निरोप गेला, यापुढे येणं होईलसं वाटत नाही म्हणून.

फाट्यावर आलो तेव्हा सूर्य नुकता बुडाला होता. गाड्या बंद झाल्या. "गुंडू!" "ओ!" "मास्तर!" "ओ!" हाका संपल्या. अण्णा घाटाकडे वळून उभे राहिले. आणि वडामागून ओ आली.

गुंडूनं माझा दंडच धरला. झाडामागे एक छकडा सोडलेला होता आणि डोईवरचा पदर सारखा करत चंपाक्का पुढे येत होत्या.

"वासूची ओ मी दिली," त्या म्हणाल्या. "झालं न्हवं आता? चला घरला. पानं मांडून आलोय मी."

अण्णांनी डोळ्यांवरचा गॉगल काढला. मग लहान पोरासारखे म्हणाले, "आक्का, त्या दिवशी मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. त्यो तिथं पडलेला, आणि मी भात मागून घेतला."

"मला काय सांगता? वाढणारी कोण हुती? मीच न्हवं?" आक्कांचा आवाज चढला. "मग मी बी जल्मभर कट्ट्यावर बसू काय?"

त्या रात्री अण्णांनी उंबरा ओलांडला. आक्कांनी त्यांना जास्तीच्या पानावर बसवलं. ते भात कालवत राहिले आणि डोळ्यांतलं पाणी पानात पडत राहिलं. आक्का पुन्हा भात घेऊन आल्या तेव्हा त्यांनी नको म्हटलं नाही. आम्ही सगळे खाली मान घालून जेवत होतो.

रविवारी परतताना अण्णा फाट्यावर थांबलेच नाहीत. हात दाखवून सरळ घाट चढून गेले. आम्ही मात्र सवयीनं वडाखाली थांबलो, गाड्या बंद केल्या, आणि मग कशासाठी थांबलो ते कुणालाच सांगता येईना.

लढाई संपण्याआधीच अण्णा गेले. आजारपण नाही, काही नाही, झोपेतच. क्लब मोडला, माझी फटफटी अंगणात गंजून गेली. आता निपाणीला जायचं तर सर्व्हिस मोटारीनं जातो. ती त्या वडाखाली थांबत नाही. पण घाट उतरून झाड मागे पडायला लागलं की अण्णांची हाक येते, "मास्तर!" मी ओ देतो, मोठ्यानं देतो. शेजारचा माणूस चमकून बघतो. बघेना का. मी ओ दिली नाही तर अण्णा तिथंच थांबून राहतील, आणि तिकडे आक्कांचा भात निवून जाईल.