पेशंटच्या शेजारची खुर्ची

या मार्चमध्ये उमरग्यात एक बातमी फिरत होती. पाइपवाल्या महारुद्रच्या बायकोनं म्हणे मौन धरलंय, कारण नवऱ्यानं गावाकडचा गोठा भावाच्या नावावर करून टाकला. तेवढ्यानं समाधान न झालेल्यांसाठी दुसरी बातमीही होती. तिनं तुळजापूरला नवस बोललाय, पोरगी बारावीला नव्वद टक्के पाडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. ही दुसरी ऐकून मीच दचकले. ती पोरगी मी, शिवांजली, आणि त्या नवसाच्या भरवशावर आई जन्मभर मुकीच राहिली असती.

खरं सांगते. गोठा अजून आजोबांच्या नावावर आहे आणि त्यात दोन म्हशी सुखानं रवंथ करतायत. नवस नव्हता. आईचा आवाज बसला होता, आणि डॉक्टरांनी तिला पंधरा दिवस अजिबात बोलू नका म्हणून सांगितलं होतं.

आता हे वाचून तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? म्हणजे तुम्ही अयोध्याबाईंना ओळखत नाही.

माझी आई नोकरी करत नाही. तिला एक छंद आहे: लोकांबरोबर दवाखान्यात जायचा. आमच्या गावात चार दुकानं ओलांडली की एक लाल क्रॉस लागतो. आसपासच्या खेड्यांतलं पोटदुखीपासून पाठदुखीपर्यंत सगळं इथंच येतं. पण दुखणं घेऊन कुणी एकटं डॉक्टरपुढं बसत नाही. सोबत बोलणारं माणूस लागतं. पेशंट स्टुलावर आणि बोलणारं माणूस शेजारच्या खुर्चीवर. ती खुर्ची आईची. हायवेला उतरलेल्या प्रत्येक पाहुण्याला आमच्या घरी चहा, मग गफारभाईंची रिक्षा, मग दवाखाना. आईच्या एका खांद्याला पिशवी, दुसऱ्याला फ्लास्क.

डॉक्टर विचारतात, "काय होतंय आजी?" आजी अजून पदर सावरत असते, तोवर शेजारच्या खुर्चीवरून सुरू होतं:

"तसं न्हाय डॉक्टर, मी सांगते. हिला सकाळी उठलं की गरगर व्हायलंय. भाकर ग्वाड लागंना. आन् सुनंचं तोंड बगितलं की लईच वाढायलंय."

सून तिथंच उभी असते, हातात फाईल घेऊन.

बाहेरच्या बाकावर बसून नंबराची वाट बघताना आईचं गावाबद्दल चिंतन चालतं. ते ऐकायला लोक आपला नंबर मागं देतात, असं तिचं म्हणणं. "रोड चार पदरी झाला, पर माणसं एकाच पदराची राहिली बगा." किंवा: "सगळं जग ह्या रोडनं हैदराबादला जायलंय. उमरग्यात उतरतंय कोण? ज्याचं टायर फुटलंय त्यो, न्हायतर ज्याचं पोट दुखायलंय त्यो." किंवा नव्या दवाखान्याच्या पाटीकडं बघून: "डिग्री एवढी लांब हाय की वाचूस्तोवर माणूस बरा व्हावा." सलाईन लावल्याशिवाय डॉक्टर शिकलेला आहे यावर विश्वास न ठेवणाऱ्या गावाला ती हसते, आणि तिच्या पेशंटला सलाईन लावलं नाही तर डॉक्टरशी भांडतेही.

मी पाचवीत असल्यापासून तिची नक्कल करते. घरी, वर्गात, लग्नात, कुणी सांगितलं की आणि न सांगताही. तिचा आवाज म्हणजे स्टीलच्या घागरीत खडे टाकून हलवावेत तसा खणखणीत. तो मला जमलाय. फोनवर पप्पासुद्धा फसतात. आवाज येताच "होय होय, आणतो" म्हणतात, काय आणायचं ते विचारतच नाहीत.

दिवाळीनंतर त्या घागरीत वाळू पडली. आईचा आवाज घोगरा व्हायला लागला. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायकांना ती दारातून हाक मारायची आणि शेवटची अक्षरं तोंडातच राहायची. मी माझी नक्कल लगेच ताजी केली. मध्ये एक खाकरणं, मग फाटका सूर. कॉलेजात तुफान चालली.

"आई, घसा दाखव की."

"घशाला काय न्हाय झालं. धूळ हाय. चौकात खोदायलेत."

चौक आमच्याकडं कायम खोदलेलाच असतो, त्यामुळं हे कारण वर्षभर पुरण्यासारखं होतं. गावाच्या प्रत्येक दुखण्याला डॉक्टर शोधून देणारी ही बाई स्वतःच्या घशाला मिठाचं पाणी आणि ज्येष्ठमधाची काडी देत बसली.

मग एका सकाळी तिनं फाटकातून गफारभाईंना हाक मारली आणि तोंडातून नुसता वारा आला. रिक्षा समोरून निघून गेली. तिनं परत तोंड उघडलं. परत वारा. ज्या बाईची हाक ऐकून हायवेवरचे ट्रक ब्रेक लावतात, ती हात वर करून तशीच उभी राहिली. माझ्या तोंडात एक फर्मास वाक्य आलं होतं, ते मी गिळलं.

आमच्या नेहमीच्या दवाखान्यात दर गुरुवारी सोलापूरहून एक कान-नाक-घशाचे डॉक्टर येतात, त्यांच्याकडं तिला नेलं. तिथला कंपाउंडर बसवेश सीमेपलीकडचा, या-बसा कानडीतच म्हणणारा. तो दारातच म्हणाला, "बर्री अक्का! आज कुणाला आणलं?"

आई आत शिरली आणि सवयीनं शेजारच्या खुर्चीवर बसली. स्टूल रिकामं. डॉक्टरांनी एकदा स्टुलाकडं पाहिलं, एकदा आमच्याकडं.

"पेशंट कोण?"

आईनं माझ्याकडं बोट केलं.

"अक्का," बसवेश स्टूल पुढं सरकवत म्हणाला, "कूड्री, कूड्री. आज तुमचाच नंबर हाय." तेव्हा कुठं ती उठून बसली, तीही अर्ध्याच स्टुलावर, पळायला सोपं जावं अशी.

"काय होतंय बाई?"

"काय न्हाय," घोगऱ्या आवाजात आई म्हणाली. "जरा धूळ."

आता हीच बाई "काय न्हाय" म्हणणाऱ्या पेशंटला चिमटे काढते! मी शेजारच्या खुर्चीवर बसले आणि तिच्याच सुरात सुरुवात केली. "तसं न्हाय डॉक्टर, मी सांगते. दिवाळीपासून घसा धरलाय. धूळबीळ काय न्हाय, ही दिवसभर हाका मारती. आता तर नुसता वारा यायलाय."

डॉक्टर हसले. मग गंभीर झाले. "आधी आवाज कसा होता यांचा?"

मी आईचा जुना आवाज काढला. पूर्ण. "ओ गफारभाऽऽई! थांबा की वो, माणसं बसायचीत अजून!"

बाहेरच्या बाकावरून कुणीतरी म्हातारा म्हणाला, "अयोध्याबाई आत हायत व्हय? मग आपला नंबर काय संध्याकाळपातूर येत न्हाय."

"संक्रांतीला?" डॉक्टर. मी संक्रांतीचा काढला. "आणि मागच्या आठवड्यात?" तोही काढला. डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते. आई स्टुलावर पूर्ण बसली होती आणि माझ्याकडं बघत होती. घशाशी हात गेला होता तिचा.

मग नळी घालून तपासणी झाली. आवाजाच्या पट्ट्यांवर बारीक गाठी होत्या. साध्या, भिण्यासारख्या नाहीत. जन्मभर ओरडणाऱ्यांना येतात. "पंधरा दिवस पूर्ण बंद," डॉक्टर म्हणाले. "कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण येतो. बसल्या तर बसल्या. नाहीतर सोलापूरला ऑपरेशन. आणि त्यानंतर हा," त्यांनी माझ्याकडं बोट केलं, "हा जुना आवाज परत येईलच असं मी लिहून देणार नाही."

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "पंधरा दिवस? तू पंधरा मिनिटं काढ, मी मानेन."

आईनं तळहात पुढं केला. म्हणजे पैज. मी म्हटलं, एक शब्द जरी तोंडातून निघाला तरी मी जिंकले, आणि पुढच्या गॅदरिंगला मी स्टेजवर तिची नक्कल करणार, तिनं पहिल्या रांगेत बसायचं. तिनं मान हलवली. मग तिनं स्वतःच्या खांद्यावरची पिशवी काढून माझ्या खांद्याला अडकवली, दुसऱ्या खांद्याला फ्लास्क, आणि समोरच्या तापलेल्या रस्त्याकडं हात फिरवला. म्हणजे मी हरले तर सगळा उन्हाळा दवाखान्याची सोबत माझ्याकडं. मी टाळी दिली. कसली हरतेय मी!

घरात पळीचं राज्य आलं. ओट्यावर पळी एकदा वाजली की जवळ ये. दोनदा वाजली की लाज वाटत नाही का. तिसऱ्यांदा ती वाजत नसे, उडत येत असे. पप्पा एक भाकरी जास्त खायला लागले आणि आंघोळीला जाताना शीळ घालायला लागले. वीस वर्षांत त्यांचं एक वाक्य पूर्ण झालं नव्हतं, ती सगळी त्यांनी त्या आठवड्यात पूर्ण केली. बहुतेक मोटारपंपाबद्दल होती.

शेजारच्या जमिलाबी आल्या. "क्या बाई, घर में कुछ हुआ क्या? लोगां बोल्रे, भाई के नाम पे गोठा कर दिए बोल के?" आईनं जोरजोरात मान हलवली. जमिलाबींनी तो होकार धरला आणि डोळ्याला पदर लावून निघून गेल्या. स्वतःबद्दलची अफवा दारातून बाहेर पडताना दिसतेय आणि तिला हाक मारून परत बोलावता येत नाही, यापेक्षा मोठी शिक्षा आईला कुणी दिली नसती. ती लाल झाली. मी शेजारी उभी राहून वाट बघत होते. पळी उडत आली. शब्द आला नाही.

पाच दिवस उरले तेव्हा मी घाबरले. आणि तेव्हाच जळकोटची धुरपदामावशी आली. आईची सख्खी मावशी, पोट दुखतं म्हणून. मी मनात म्हटलं, आता जिंकले.

नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. मावशी स्टुलावर, मी खुर्चीवर, आई मागं भिंतीला टेकून, ओठ गच्च.

"काय होतंय मावशी?"

"काय न्हाय. जरा गॅस."

"तसं न्हाय डॉक्टर, मी सांगते," मी आईच्या आवाजात म्हटलं, आणि मुद्दाम उलटं सांगायला लागले. "पोटाचं काय न्हाय हो, हिचे गुडघे धरलेत. जेवण तर बगा, पाखरावानी. तळलेलं शिवत न्हाय."

मागं आईच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. तोंड उघडलं. मी मोजायला सुरुवात केली, एक, दोन...

तोंड मिटलं. ती भिंतीपासून पुढं आली, पदर डोक्यावर घेतला, पाठीत बाक काढला, खालचा ओठ जरासा लोंबवला, आणि दवाखान्यात दोन धुरपदामावश्या झाल्या. दुसरी मावशी हवेतल्या ताटलीतून भजं उचलायला लागली. एक खाल्लं. इकडंतिकडं बघितलं, सून येत नाही ना? दुसरं खाल्लं. बोटांचं तेल लुगड्याला पुसलं. तिसरं. मग एकदम उजवी बरगडी धरली, कळ पाठीमागून खांद्यात गेली तशी बोटं खांद्यापर्यंत सरकली, डोळे पांढरे झाले. मग मावशी करते तसाच हात झटकला, "काय न्हाय" असा, आणि चौथं भजं उचललं.

डॉक्टर खुर्चीतून पुढं झुकले. "तळलेलं खाल्लं की उजव्या बाजूला कळ येते? पाठीत जाते?"

"ह्या बयेला भज्याचं कुणी सांगितलं!" खरी मावशी ओरडली.

सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. पण ते नंतर. त्याआधी आईनं पदर खाली घेतला, एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्यात हवेतला मोबाइल धरला, हनुवटी वर केली, आणि आवाज न काढता भराभरा ओठ हलवत, प्रत्येक वाक्यानंतर कोण हसतंय ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून तपासत राहिली. मावशी हसली. डॉक्टर हसले. मला कळायला जरा वेळ लागला. ती मी होते. तिची नक्कल करणारी मी. आणि सांगायला नको वाटतं, पण फार हुबेहूब होते.

पुढच्या गुरुवारी परत नळी. गाठी बसल्या होत्या. ऑपरेशन नको, पण हाका कमी करायच्या, डॉक्टर म्हणाले. "हं, बोला आता काहीतरी."

आई स्टुलावर होती, मी खुर्चीवर.  खोलीत आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत होतो. आणि घागर वाजली. तळाला थोडी वाळू राहिली असेल, पण घागर तीच.

"तसं न्हाय डॉक्टर, मी सांगते. माझं ऱ्हाऊ द्या. ही पोरगी लई बोलायलीय. हिला बी पंधरा दिवस लिहून द्या."

तर आता मे महिना आहे आणि हे मी दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून मोबाइलवर लिहितेय. एका खांद्याला पिशवी, दुसऱ्याला फ्लास्क. शेजारी योगीराजकाका. हे ईटहून आलेत. ईटहून उमरग्याला यायचं तर वाटेत बार्शी लागते, तिथंही डॉक्टर आहेत, पण तिथं आमची आई नाही. आईनं त्यांना फाटकातून निरोप देताना हळू आवाजात सांगितलं, "शिवांजली हाय की सोबत. माझ्यापरीस बरी बोलती." काकांनी आत्ताच माझ्याकडं झुकून विनंती केली, "डॉक्टरला उगं काय सांगत बसू नको गं. काय न्हाय, जरा गॅस हाय."

बसवेशनं नंबर पुकारलाय. पैज मी हरलेय. सांगावं तर लागणारच.